फिरती रात्रपाळी, साडेचार तासांची झोप आणि घरात होणारी चिडचिड

आलेला प्रश्न थोडक्यात असा: वय 36, सात वर्षं एका प्रकल्पाच्या कंट्रोल रूममध्ये फिरत्या पाळ्या, त्यात सलग सहा नाइट. दिवसा कितीही प्रयत्न केला तरी साडेचार तासांच्या वर झोप होत नाही. पोटात जळजळ असते, वजन आठ किलोंनी वाढलंय, मुलांवर उगाच ओरडलं जातं आणि नंतर स्वतःलाच वाईट वाटतं. तपासण्या नॉर्मल आल्या आणि "टेन्शन घेऊ नका" असं सांगून घरी पाठवलं. जुने सहकारी म्हणतात, सवय होईल. हा आजार आहे की नुसता ताण? नोकरी सोडावी का?

आधी थेट उत्तर देतो. तुम्ही टेन्शन घेता म्हणून हे होत नाहीये. झोप अपुरी पडते, शिवाय ती चुकीच्या वेळी होते, आणि त्याचा शरीरावर येणारा ताण पोट, वजन आणि राग अशा तीन वाटांनी बाहेर पडतोय. सवय होईल म्हणून वाट पाहत बसू नका. नोकरी सोडायचा निर्णय मात्र आज घेऊ नका, कारण त्याआधी करण्यासारखं बरंच शिल्लक आहे आणि इतक्या कमी झोपेवर असे निर्णय नीट होत नाहीत. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांचं आरोग्य पाहणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, साधारण 20 हजार पेशींचा एक पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं, ते फळमाश्यांवर काम करून उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. माणसात त्याचं एक चक्कर 24 तासांहून काही मिनिटं जास्त चालतं आणि रोजचा उजेड ते जुळवून घेतो. डोळ्याच्या पडद्यात यासाठी वेगळ्या पेशी आहेत. त्या चित्र पाहण्यासाठी नसून उजेड मोजण्यासाठी असतात आणि निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. यकृत, स्वादुपिंड, आतडी, हृदय यांचीही आपापली घड्याळं आहेत. ती मुख्य घड्याळाचं ऐकतात, पण जेवणाच्या वेळेचंही ऐकतात. रात्रपाळीत मुख्य घड्याळ म्हणतं झोप, ट्यूबलाइट म्हणते जागा राहा आणि दोन वाजता उघडलेला डबा आतड्यांना सांगतो की दुपार झाली. तुमचं पोट बिघडलंय ते या गोंधळात.

पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सर्वात खाली जातं, शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक भरपूर असतं आणि सावधपणा तळाला पोचतो. कामाची जागा कितीही उजळ असली, चहा कितीही झाला, तरी ही दरी बुजत नाही. एका कंट्रोल रूममध्ये मी दर तासाच्या नोंदींची वही चाळत होतो. रात्री दोनपर्यंत दाबाचे आकडे थोडे थोडे हलत होते. तीन, चार आणि पाच या तिन्ही ओळींत दशांशासकट एकच आकडा होता आणि अक्षर ओळीखाली घसरलेलं. सहा वाजल्यापासून आकडे पुन्हा हलायला लागले होते. संगणकातली नोंद उघडली, तर त्या दोन तासांतही दाब वर-खाली होत होता. वही लिहिणारा माणूस कामचुकार मुळीच नव्हता, त्या खात्यातला सर्वात भरवशाचा ऑपरेटर होता. मीटरकडे बघत होता, पण दिसत नव्हतं. डोळे उघडे असताना मेंदू काही सेकंद झोपून घेतो, आणि ज्याचं असं होतं त्याला ते कळतही नाही.

आता "सवय होईल" याबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या दोन शब्दांनी केलंय. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे रोज फक्त सहा तास झोपू दिलं. शेवटी त्यांची चाचणीतली कामगिरी एक-दोन रात्री सलग जागलेल्या माणसाइतकी घसरली होती. पण स्वतःला किती झोप येतेय असं विचारल्यावर ते "थोडीशी" म्हणत होते. पहिल्या काही दिवसांनंतर थकवा वाढल्याचं जाणवणं थांबलं, कामगिरीची घसरण काही थांबली नाही. तुम्ही सहा तासही झोपत नाही. सहकाऱ्यांना सवय झाल्यासारखी वाटते ती अशी. कायम नाइटच करणाऱ्यांच्या मेलाटोनिनचे अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा ज्यांचं घड्याळ पूर्णपणे रात्रीला जुळलंय असे लोक शंभरात तीनसुद्धा निघाले नाहीत. कारण साधं आहे: सकाळी घरी जाताना डोळ्यांवर ऊन पडतं आणि सुट्टीच्या दिवशी आपण घरच्यांबरोबर दिवसाच्या वेळापत्रकावर परततो. घड्याळ जेमतेम एखाद-दुसरा तास सरकलेलं असतं, तेवढ्यात परत ओढलं जातं.

दुपारी साडेबाराला डोळे उघडतात यात तुमची इच्छाशक्ती कमी पडत नाही. सकाळी जागं व्हायला मदत करणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, शरीराचं तापमान चढत जातं आणि घड्याळ जागं राहण्याचा इशारा देत राहतं. रात्रभराचा थकवा तुम्हाला चार तास झोपवतो. तो थोडा ओसरला की घड्याळाचा जोर वरचढ होतो. म्हणूनच दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा साधारण एक ते चार तासांनी कमी भरते. त्यात कापली जाते ती शेवटच्या टप्प्यातली झोप, ज्यात स्वप्नं जास्त पडतात आणि आदल्या दिवसाच्या भावना निवतात. एका रात्रीचं जागरण झालेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली, तेव्हा मेंदूतल्या भीती-रागाच्या केंद्राची प्रतिक्रिया रात्री नीट झोप झालेल्या लोकांपेक्षा सुमारे 60 टक्क्यांनी जास्त दिसली आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी त्याचं नातं ढिलं पडलं होतं. मुलाने पाण्याचा ग्लास सांडला आणि तुमचा आवाज चढला, त्यामागे हे आहे. तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. मात्र मुलाला हे कारण कळत नसतं, त्याला फक्त चढलेला आवाज ऐकू येतो. म्हणून यावर उपाय लवकर करायला हवा.

ताणाचा दुसरा भाग झोपेबाहेरचा आहे आणि डॉक्टरही तो क्वचित विचारतात. घर संध्याकाळी एकत्र बसतं तेव्हा तुमची निघायची तयारी चालू असते. लग्नकार्य, शाळेतली सभा, आजारी आई-वडिलांना दवाखान्यात नेणं या सगळ्या गोष्टी तुमच्या झोपेच्या वेळेत येतात, आणि "तू तर दिवसभर घरीच असतोस" असं म्हणत घरातली कामं तुमच्याकडे येतात. माणूस घरात असून घराबाहेर पडतो. रात्रपाळी करणाऱ्यांत नैराश्य जास्त आढळतं त्याला हा एकाकीपणाही कारण आहे. सलग दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, सुट्टीतही मन उठत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पाळी बदलायची वाट न पाहता त्याच आठवड्यात मानसोपचार तज्ज्ञांकडे जा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येत असेल तर आजच घरातल्या कुणाला तरी सांगा आणि त्याला बरोबर घेऊन जा.

वजनाचं गणित वेगळं आहे. दोन रात्री फक्त चार-चार तास झोपलेल्या तरुणांमध्ये पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं आणि भूक लावणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं. शिवाय रात्री इन्शुलिनचा प्रतिसाद मंदावतो. तेच जेवण रात्री दोनला घेतलं तर दुपारच्यापेक्षा रक्तातली साखर जास्त वेळ चढलेली राहते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कृत्रिम रात्रपाळीत ठेवलेल्या लोकांचे दोन गट केले. रात्रीही जेवणाऱ्यांची साखर वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. प्रयोग लहान होता, पण माझ्याकडे येणाऱ्या कामगारांना मी त्यावरून एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: मुख्य जेवण पाळीवर निघण्यापूर्वी घ्या, मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शक्यतो पाणी आणि फार तर थोडं हलकं खाणं. घरी आल्यावर थोडंसं खा, म्हणजे भुकेने जाग येणार नाही, पण पोटभर जेवून लगेच आडवं होऊ नका. तुमची निम्मी जळजळ एवढ्यानेच कमी व्हावी. उरली तर, किंवा काळी शौच, गिळताना त्रास, कारण नसताना वजन घटणं असं काही दिसलं तर, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस न काढता पोटाची तपासणी करून घ्या.

दूरच्या धोक्यांबद्दल न घाबरवता, पण न लपवता सांगतो. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांत हृदयविकार आणि टाइप 2 मधुमेह इतरांपेक्षा काहीसे जास्त आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला 2007 मध्ये "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं आणि 2019 मध्ये ते मत कायम ठेवलं. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. त्यामुळे रात्रपाळी करणाऱ्याला कर्करोग होतोच असा अर्थ काढू नका. फ्रान्समधल्या कामगारांच्या एका दीर्घ अभ्यासात दहा वर्षांहून जास्त फिरत्या पाळ्या केलेल्यांची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग साडेसहा वर्षांनी वय वाढल्यासारखा आढळला, आणि पाळ्या सोडल्यानंतर तो भरून यायला किमान पाच वर्षं लागली. म्हणजे भरून येतो, पण सावकाश. सिगारेट, रक्तदाब, पोटाचा घेर आणि झोप या चार गोष्टी तुमच्या हातात आहेत, आणि धोक्याचा मोठा वाटा त्यांच्यातूनच येतो.

"रिपोर्ट नॉर्मल" यावर थोडं थांबायला हवं. रक्त कधी दिलं होतं? नाइट संपवून परस्पर लॅबमध्ये गेलात आणि पहाटे चारला काही खाल्लं असेल, तर ती उपाशीपोटीची साखर नव्हेच. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी पाळीवाल्यांसाठी जास्त उपयोगी. कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन यांचे नॉर्मल आकडे रात्री झोपून सकाळी उठलेल्या माणसासाठी ठरवलेले असतात, नाइटहून आलेल्याचा आकडा त्यांच्याशी ताडून उपयोग नाही. रक्तदाब झोपेत साधारण 10 ते 20 टक्क्यांनी खाली यायला हवा. तुमच्यात तो येतो का हे दवाखान्यातल्या एका मोजणीवरून कळत नाही, म्हणून घरी मोजा, नाइटच्या आठवड्यात आणि दिवसपाळीच्या आठवड्यातही. आणि एक प्रश्न तुमच्या बायकोला विचारा: झोपेत घोरता का, मध्येच श्वास थांबतो का? आठ किलो वाढल्यानंतर झोपेतला श्वासरोध होणं अगदी शक्य आहे. पाळ्यांच्या नावावर तो वर्षानुवर्षं खपून जातो आणि त्याच्यावर चांगला उपचार आहे. उत्तर "हो" आलं तर सगळ्यात आधी झोपेची तपासणी.

आता काय करायचं. दिवसाची झोप ही तुमच्या कामाचाच भाग आहे, हे घरात सगळ्यांना एकत्र बसवून सांगा. खोलीत इतका अंधार हवा की हात पुढे केला तर बोटं मोजता येऊ नयेत. जाड पडदे परवडत नसतील तर खिडकीला आतून काळा कागद लावा आणि डोळ्यांवर पट्टी बांधा. पंख्याचा एकसुरी आवाज बाहेरच्या आवाजांना झाकतो. फोन दुसऱ्या खोलीत, आणि खरीच गरज असेल तर घरच्यांनी येऊन उठवायचं. घरी पोचल्यावर कामं उरकून मग झोपू, असं करू नका. जितका उशीर कराल तितकं घड्याळ झोपेला आणखी विरोध करेल. साडेचार तासांनी जाग आली तर अंथरुणात तळमळत राहू नका. उठा आणि संध्याकाळी निघण्यापूर्वी दीड तासाची दुसरी झोप ठरवून घ्या. दोन तुकड्यांत मिळून सहा-साडेसहा तास झाले तर काही आठवड्यांत राग उतरलेला तुम्हालाच जाणवेल.

पहिल्या नाइटच्या आधी दुपारची झोप टाळू नका. सकाळी सातला उठलेला माणूस पहाटे तीनला 20 तास जागा असतो, आणि सलग 17 तास जागं राहिल्यावर हातांचा आणि नजरेचा मेळ रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका बिघडतो, असं 1997 च्या एका प्रयोगात दिसलं होतं. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात, थोडी थोडी. कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनंतरही शरीरात असतो, त्यामुळे पहाटे चारचा कप सकाळी नऊची झोप खातो. कामावर परवानगी आणि बदली माणूस असेल तर 20 मिनिटांची डुलकी पहाटे तीनच्या आधी घ्या आणि उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं कुठलाही व्हॉल्व्ह किंवा बटण हाताळू नका, कारण गुंगी उतरायला तेवढा वेळ लागतो.

घरी जाताना डोळ्यांवर ऊन कमी पडावं म्हणून काळा चष्मा सुचवतात. दुसरा कुणी चालवत असेल तर जरूर लावा. स्वतः गाडी चालवत असाल तर लावू नका; त्या वेळी उजेडच तुम्हाला जागं ठेवतो. आणि खरं तर शेवटच्या नाइटनंतर स्वतः दुचाकी चालवूच नका. पाळीवाल्यांचे जे अपघात मला कळतात त्यांतले बरेच कारखान्याच्या फाटकाबाहेरचे असतात. झोप यावी म्हणून दारू घेणाऱ्यांना झोप लागते खरी, पण ती तुटक असते. झोपेच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे घेऊ नका. मेलाटोनिनचा काहींना उपयोग होतो, पण वेळ चुकली तर घड्याळ उलट्या दिशेला सरकतं, म्हणून डॉक्टरांशी बोलूनच.

इतकं सगळं तुम्ही केलंत तरी सलग सहा नाइट हा वेळापत्रकाचा दोष आहे आणि तो तुमच्या पडद्यांनी भरून निघणार नाही. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आकडेवारीत पहिल्या रात्रीच्या तुलनेत अपघाताचा धोका दुसऱ्या रात्री 6 टक्के, तिसऱ्या रात्री 17 टक्के आणि चौथ्या रात्री 36 टक्के जास्त होता. सलग दोन, फार तर तीन नाइट, नंतर दोन पूर्ण रात्रींची विश्रांती, आणि पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा ठेवला तर शरीराला सोपं जातं. आपलं घड्याळ 24 तासांहून जरा लांब असल्याने त्याला पुढे ढकलणं मागे ओढण्यापेक्षा सहज जमतं. नाइट करून आठ तासांत परत दुपारपाळीला येणं आणि पुढच्या पाळीचा माणूस (रिलीव्हर) आला नाही म्हणून सलग दुसरी पाळीही करणं, या दोन गोष्टी आधी बंद करायला सांगा. हे एकट्याने मागू नका. युनियन असेल तर तिच्यामार्फत, नाहीतर सुरक्षा समितीत हे अपघाताचे आकडे ठेवून मागा. व्यवस्थापन थकव्याच्या तक्रारीपेक्षा चुकीच्या नोंदींची भाषा लवकर ऐकतं.

काही जणांनी मात्र रात्रपाळी करूच नये, किंवा तज्ज्ञांच्या लेखी सल्ल्याशिवाय करू नये: अपस्मार (फिट येण्याचा आजार) असलेले, कारण जागरणाने झटका येऊ शकतो, बायपोलर विकार असलेले, कारण जागरणाने उन्मादाची लाट उसळू शकते, इन्शुलिन घेणारे आणि साखर वारंवार खाली जाणारे, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले. गरोदर स्त्रियांनी नाइट शक्यतो टाळावी, आणि रात्रपाळीत मासिक पाळी अनियमित झाली तर तीही तपासून घ्यावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1990 चा रात्रपाळीविषयीचा करार, क्रमांक 171, रात्रपाळी करणाऱ्याला मोफत आरोग्य तपासणी द्यावी आणि वैद्यकीय कारणाने तो अपात्र ठरला तर शक्य असेल तिथे त्याच्या जोगतं तशाच स्वरूपाचं दुसरं काम द्यावं, असं सांगतो. तुमच्या देशाने तो मान्य केला असो वा नसो, मागणी करताना हा दाखला वजनदार ठरतो.

म्हणून क्रम असा ठेवा. उद्यापासून एका साध्या वहीत झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ, कितव्या नाइटनंतर, आणि त्या दिवशी राग किती वेळा अनावर झाला, एवढंच लिहा. घोरण्याची चौकशी आणि एचबीएवनसी याच महिन्यात उरका. झोपेचे आणि जेवणाचे बदल तीन महिने मनापासून पाळा. त्यानंतरही झोप साडेपाच तासांच्या वर जात नसेल, घरी मोजलेला रक्तदाब वारंवार 135/85 च्या वर असेल किंवा गाडी चालवताना एकदाही डोळा लागला असेल, तर कंपनीच्या डॉक्टरांकडून लेखी शिफारस घेऊन दिवसपाळीसाठी अर्ज करा आणि त्याला वहीची पानं जोडा. गाडीवर डोळा लागण्याचा प्रकार आधीच घडून गेला असेल तर तीन महिने थांबू नका, अर्ज याच आठवड्यात द्या. नोकरी सोडण्याचा विचार त्या अर्जाला लेखी नकार आला तर करायचा, आणि तोही नाइटच्या आठवड्यात न करता सुट्टीत दोन रात्री पुरेशी झोप झाल्यावर, बायकोबरोबर बसून.